अनुभव धागा : आफ्रिकेत सफारीसाठी नेमका कुठला भाग निवडावा?

पूर्व आफ्रिका की आफ्रिकेचा दक्षिण भाग, हा प्रश्न वरचेवर येतो. जाणकारांनी लिहावं. 'सगळंच सुंदर आहे' एवढ्यावर थांबू नका. महिना, अंतरं, अडचणी सांगा.

पिवळं_गवत
आधी देश ठरवून मग तारखा बघू नका. सुटी कुठल्या महिन्यात आहे, तिथून सुरुवात करा. विल्डबीस्टचे (मोठ्या कुरंगांचे) कळप गवतामागे वर्षभर फिरत असतात, त्यामुळे फेब्रुवारीतलं आणि ऑगस्टमधलं सेरेंगेटी (टांझानिया) ही जणू दोन वेगळी जंगलं. जानेवारीअखेर ते मार्च कळप दक्षिणेला एंडुटूच्या आखूड गवतावर असतात. तिथली जमीन ज्वालामुखीच्या राखेची, गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. म्हणूनच माद्या तिथे येऊन वितात. नवजात पिल्लांमागे चित्ते आणि तरस. मोकळं माळरान असल्याने शिकार दुरूनही दिसते. पुढे मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडे ग्रुमेटीला आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदीवर.

नेहमीची चूक : ऑगस्टमध्ये सेरोनेराला मुक्काम घेऊन कळप नदी पार करताना बघायची आशा धरणं. सेरोनेरा मध्यभागी आहे, जाण्यायेण्यातच दिवस संपतो. नदीसाठी उत्तरेला, मारा नदीकाठी कोगाटेंडेला किमान ३ रात्री हव्यात, कारण कळप काठावर तासन्‌तास थांबून सरळ मागेही फिरतात.

चिखलवाट
सीमेपलीकडे केनियातलं मसाई मारा. कळप तेच, पण हिशेब वेगळा. २०२४पासून परदेशी प्रौढांना माणशी रोजचे १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६, म्हणजे दुपारी उशिरा पोचलात तरी अख्ख्या दिवसाचे पैसे. त्या दिवशी फाटकाबाहेर राहून दुसऱ्या दिवशी पहाटे आत जाणं परवडतं. गर्दी नको असेल तर लगतच्या मसाईंच्या कन्झर्व्हन्सी, म्हणजे त्यांच्या जमिनींवरची राखीव क्षेत्रं, बघा. एका प्राण्याभोवती किती गाड्या थांबतील यावर तिथे मर्यादा असते, शिवाय रात्रीची सफारी आणि पायी फिरणंही होतं; मुख्य अभयारण्यात या दोन्हींना परवानगी नाही. खर्च वाढला तरी माझं मत कन्झर्व्हन्सीलाच.

दुर्बीण
गोरोंगोरो (टांझानियातलं ज्वालामुखीचं विवर) : काळा गेंडा बघायला उत्तम, जिराफ मात्र विवरात नाहीत. कडा २,००० मीटरच्या वर असल्याने पहाट कडाक्याची असते. जाड जॅकेट हवंच.

दोन_स्टेपन्या
स्वतः गाडी चालवायची तयारी असेल तर सरळ दक्षिणेकडे वळा. दक्षिण आफ्रिका देशातल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचे मुख्य रस्ते डांबरी आहेत, साधी कारही चालते. वेगमर्यादा डांबरीवर ५०, कच्च्यावर ४०. पण नियोजन ताशी २०-२५ किलोमीटरनेच करा, प्राण्यांसाठी थांबावं लागतंच. फाटक बंद व्हायच्या वेळा महिन्यागणिक बदलतात, उशीर झाला तर दंड. जाण्याचा काळ मे ते सप्टेंबर : गवत खाली बसतं, प्राणी पाण्यावर येतात.

नामिबियातल्या एटोशा उद्यानात तर शोधत हिंडूच नये. पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून तासभर बसा. ओकाउकुएयो कॅम्पचा पाणवठा रात्री दिव्यांनी उजळलेला असतो, काळे गेंडे तिथे येतात. रानम्हैस आणि पाणघोडा मात्र एटोशात नाहीत, 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादी इथे पुरी होणार नाही. कच्च्या रस्त्यांवर टायर फार फुटतात. दोन स्टेपन्या मागून घ्या, जॅक आणि पाना ताब्यात घेतानाच तपासा, खडीवर टायरमधली हवा थोडी कमी ठेवा.

मोकोरो
बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाबद्दल एक. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, पाणी महिनोन्‌महिने सरकत येतं आणि ऐन कोरड्या हंगामात, जून ते ऑगस्टला, त्रिभुज प्रदेश भरतो. तेव्हा मोकोरो होडी झकास, पण काही कॅम्पांभोवती गाडी फिरवायला जमीनच उरत नाही. बुकिंगआधी विचारा : त्या महिन्यात गाडीची सफारी रोज होते का?

पिवळं_गवत
राहिलं ते : छोट्या विमानांत सामान १५ ते २० किलो, कॅमेरा धरून, आणि बॅग मऊच हवी. कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात शिरत नाही, ती मागेच राहते. केनियाहून दक्षिण आफ्रिकेत जाताना पीतज्वराच्या लशीचा दाखला दाखवावा लागतो, आणि तो लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो. क्रूगरमध्ये मलेरिया आहे. लहान मुलं बरोबर असतील तर दक्षिण आफ्रिकेतलीच मडिक्वे किंवा पिलानेसबर्ग ही अभयारण्यं घ्या, दोन्ही मलेरियामुक्त आहेत.