मदत हवी आहे : लग्नाच्या डीव्हीडीतून मूळ व्हिडिओ जसाच्या तसा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी,

ताईच्या लग्नाच्या, २००७ सालच्या तीन डीव्हीडी आहेत. आजीचा आवाज आता फक्त त्यातच उरलाय, म्हणून डिस्क पूर्ण खराब व्हायच्या आत सगळं हार्डडिस्कवर घ्यायचंय. पण पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे व्हिडिओ नव्याने दाबून न बनवता. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने एकदा करून पाहिलं, तर चेहरे पुसट झाले आणि हात हलला की कडांना आडव्या रेघा दिसायला लागल्या. व्हिडिओ इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींनी साठवलेला) आहे, एमपेग-२ या डीव्हीडीच्या फॉरमॅटमध्ये, ७२० बाय ५७६ पिक्सेल. तो आहे तसाच राहू दे.

डीव्हीडीच्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमध्ये १ जीबीचे तुकडे केलेल्या व्हीओबी फाइल्स (चित्र आणि आवाज यांतच असतो) आहेत. त्या ओळीने जोडून एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये 'कॉपी' पर्याय (पुन्हा एन्कोड न करणारा) वापरून एकच एमकेव्ही व्हिडिओ फाइल केली. चित्र उत्तम आलं, पण मंगलाष्टकांनंतर आवाज मागे पडत जातो. प्रत्येक भागात वेळेची नोंद पुन्हा शून्यापासून सुरू होत असावी, असं मला वाटतं.

मेकएमकेव्ही हा प्रोग्राम आयएफओ फाइल (डिस्कवरच्या व्हिडिओचा क्रम सांगणारी) वाचून टायटल, म्हणजे सलग व्हिडिओ, काढतो, त्यामुळे ही अडचण सुटेल का? त्यात चॅप्टरही टिकतात ना? कोणी लग्नाच्या डिस्कवर करून पाहिलंय का?

तिसऱ्या डिस्कवर ओरखडे आहेत, कॉपी मध्येच अडकते. तिची आधी डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारा प्रोग्राम) आयएसओ, म्हणजे पूर्ण डिस्कची एकच फाइल, करून मग त्यातून व्हिडिओ काढावा का? नेमकी वरातीआधीची, आजी ओव्या म्हणते ती डिस्क हीच आहे. त्यामुळे चुकीचा प्रयोग करायची हिंमत होत नाही. लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहेत माझ्याकडे.