विंडोज १० टाकल्यावर जुना पीसी रखडतोय

प्रश्न: कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. विंडोज ७ वरून १० वर नेल्यापासून चालू केल्यावर दहा मिनिटं टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १००%. रॅम वाढवू का?

उत्तर १: रॅम नंतर, आधी डिस्क. तुमच्यासारख्या फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरेक विखुरलेली वाचनं जमतात. इंडेक्सिंग (शोधासाठी फाइलींची यादी करणं), अपडेट, डिफेंडर (विंडोजचा अँटीव्हायरस) एकदम तुटून पडले की रांग लागते. २४० जीबीची २.५ इंची साटा एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, साटा केबलने जोडायची) घ्या. एम.२ (थेट मदरबोर्डावर बसणारी पट्टीसारखी एसएसडी) नको, त्या बोर्डावर तिचा स्लॉटच नसतो.

उत्तर २: क्लोन करण्याआधी (जुनी डिस्क जशीच्या तशी नव्या एसएसडीवर उतरवण्याआधी) क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये सी५ बघा, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा. शून्य नसेल तर फोटो-कागदपत्रं लगेच बाहेर काढा.

प्रश्नकर्ता: सी५ समोर ८ आहे.

उत्तर २: मग क्लोन मध्येच अडकू शकतं. एसएसडीवर विंडोज कोरं इन्स्टॉल करा; त्याआधी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत, जुन्या आयडीईवर असेल तर एएचसीआय करा. नंतर थेट बदललात तर बहुधा विंडोज सुरू न होता निळा पडदा येईल.