कचरापेटीचं तोंड बदललं तर कचरा सुधारेल का?

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

जॉगिंग ट्रॅकच्या फाटकाशी दोन डबे आहेत, एक हिरवा, एक निळा. रंग वेगळे, पण तोंड दोघांचं सारखंच, परातीएवढं. परवा निळ्यात डोकावलो. पाण्याच्या बाटल्या, रद्दी आणि रद्दीवर आडवा पडलेला चहाचा कप. कपात घोटभर चहा उरलेला, तो खालच्या कागदांत मुरलेला. ती रद्दी आता कोण घेणार?

लोकांना बोधामृत पाजून झालं, भिंती रंगवून झाल्या. आता डब्याकडे बघा. बाटलीच्या डब्याला बाटली जाईल एवढंच गोल भोक, कागदाला आडवी फट, ओल्याला झाकण. हात आपोआप थांबतो. अमेरिकेत डफी आणि व्हर्जेस यांनी २००९ साली यावर अभ्यास छापला होता. अशी खास झाकणं बसवल्यावर बाटल्या-कॅन योग्य डब्यात जाण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढलं आणि त्या डब्यातला नको तो कचरा ९५ टक्क्यांनी घटला. दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सिडकोवाली

भोक लहान केलंत की लोक पिशवी डब्याशेजारी ठेवून निघून जातील. मग कुत्री आहेतच.

आणि मुद्दा असा की आपल्या शहराने नव्वदच्या दशकात घंटागाडी आणली ती रस्त्यावरच्या कुंड्या हटवण्यासाठीच. नाशिकचं तेव्हा कौतुक झालं ते त्यामुळे. खरा ढीग घराघरांतून निघतो. फाटकावरच्या दोन डब्यांना नक्षीदार तोंडं करून कोणाचं भलं होणार? २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला, सुका आणि घरगुती घातक असं तीन प्रकारे वेगळं करून द्या म्हटलं होतं. तेवढं घरात पाळलं तरी पुष्कळ.

गंगापूररोडकर

घरातही प्रश्न डब्याचाच आहे की. ओल्याची बादली सिंकखाली, सुक्याची बाल्कनीत. दुधाची पिशवी कापली की ओल्या हाताने बाल्कनीपर्यंत कोण जातं? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी वसतिगृहातली रिसायकलिंगची सोय तळघरात न ठेवता खोल्यांपासून काही मीटरवर आणली, तर रिसायकलिंग १४७ टक्क्यांनी वाढलं. मुलं तीच, डबा फक्त जवळ आला. सोसायट्यांत आपण उलटं करतो. सुक्याचा डबा पार्किंगच्या पार टोकाला, का तर तो दिसायला नको.

सातपूर_फिटर

कॅनडा सोडा हो. गाडीत दोन कप्पे असूनही वरून सगळं एकातच पडत असेल, तर घरात चार बादल्या ठेवून काय उपयोग? लोक तेच बघतात आणि मग कंटाळतात. आधी शेवटचं टोक नीट करा, मग झाकणाचं बघू.

रामकुंडापलीकडचा

फिटरभाऊ, शेवटचं टोक नीट करायलाही माल स्वच्छ यावा लागतो. खतात काच आणि प्लॅस्टिक आलं तर शेतकरी ते शेतात टाकेल का?

आमच्याकडचं बघा. निर्माल्य कलश आहे, मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलंय, वाचता सगळ्यांना येतं. तरी हार येतो तो कॅरीबॅगेत गाठ मारून, आणि गाठीसकट आत. आत उदबत्तीचं पाकीट, कापराची डबी, फोटोची फुटकी काचसुद्धा. यात श्रद्धेचा दोष नाही. कलशाचं तोंड एवढं मोठं की अख्खी पिशवी जाते. तिथे वर उभ्या गजांची जाळी लावा, हार सुटा केल्याशिवाय आत जाणारच नाही. आणि शेजारी रिकाम्या पिशवीसाठी वेगळा डबा हवाच, नाहीतर पिशवी गोदावरीत. सिंहस्थ तोंडावर आलाय. मराठी न वाचणारे लाखो लोक घाटावर येणार, त्यांना पाटीपेक्षा भोकाचा आकार लवकर कळेल.

सिडकोवाली

जाळी पटली. पण ती रोज धुणार कोण? फुलं अडकून कुजली की नाक धरून लोक लांबूनच फेकतील.

भद्रकाली_भंगार

इथे कोणी कचरावेचक बायांबद्दल बोलेना. बाटली, पुठ्ठा, पत्रा वेचून त्यांची चूल पेटते. तुम्ही गोल भोक करून डब्याला कुलूप लावलंत की त्यांचं काम बंद. आणि कुलूप नाही लावलंत तर त्या लहान भोकातून हात घालणार, आत फुटकी बाटली असली की हात कापला. मी रोज असे हात बघतो. वरचं तोंड लहान ठेवा, पण खाली बाजूने उघडणारं दार द्या आणि त्याची किल्ली त्यांनाच द्या. माल कोरडा असला तर मीही भाव जास्त देईन. ओल्या पुठ्ठ्याचं वजन पाण्याचं असतं, ते पैसे मी का मोजू?

सातपूर_फिटर

किल्लीचं मान्य. फक्त पत्र्याचं दार नको, बिजागरीसकट जाईल. फायबरचं करा आणि डबा सिमेंटमध्ये रोवा.

गंगापूररोडकर

दाराचा विचार मी केलाच नव्हता. आणि दोन्ही डबे एकमेकांना चिकटूनच हवेत. एकटा निळा डबा दिसला की त्यात सगळंच जातं, त्याला भोक कितीही लहान करा.

रामकुंडापलीकडचा

मग एकच सांगा. यात्रेकरू तीर्थ न्यायला पाच लिटरचे कॅन घेतात. गळका निघाला की तो तिथेच टाकतात. तुमच्या गोल भोकातून तो जाणार कसा?

भद्रकाली_भंगार

तो डब्यात टाकूच नका, माझ्याकडे पाठवा.