एमडीच्या कारखान्यांना मकोका: धाक बसेल का?

आडवाटेचा:
जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मकोकात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या राज्याच्या कायद्यात, दुरुस्ती करून अमली पदार्थांचे गुन्हे त्यात आणले. टाळ्या वाजल्या. मला विचारायचंय, अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा, एनडीपीएस, काय मवाळ होता? ५० ग्रॅमच्या वर एमडी (मेफेड्रोन) सापडलं की व्यावसायिक प्रमाण, कलम ३७ मुळे जामीन महाकठीण, आरोपपत्राला १८० दिवस. तरी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळ शिंदे गावात कारखाना सापडला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत. एमआयडीसीत, बरं का, जंगलात नव्हे. अजून एक कायदा कशाला?

खाकीप्रेमी:
कारण छाप्यात सापडतो तो कामगार आणि फार तर केमिस्ट. पैसा लावणारा दुसऱ्याच शहरात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर एनडीपीएसच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. मकोकाच्या कलम १८ खाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची चालते. वरच्या माणसापर्यंत जायला दुसरी शिडी सांगा.

आडवाटेचा:
पोलिसांपुढची कबुली म्हणजे शिडी? मग तपास कशाला करायचा! आणि टोळीवर गेल्या १० वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रं लागतात, ते विसरलात. पहिल्यांदाच रिअ‍ॅक्टर (रसायनं बनवायचं भांडं) लावणारी टोळी मकोकातून सुटलीच. त्यापेक्षा कच्चा माल धरा. ब्रोमिन आणि मोनोमिथाइलअमाइन कोणी, किती, कुठे नेलं याचा हिशेब ठेवा.

रिअ‍ॅक्टरवाला:
थांबा. माझं छोटं युनिट आहे. मोनोमिथाइलअमाइन कीटकनाशकांना लागतं, औषधांनाही लागतं. प्रत्येक ड्रमाला परवाना केलात तर मोठ्या कंपन्या एक माणूस नेमून मोकळ्या होतील, मरू आम्ही. एमडीवाला रोखीत, खोट्या बिलावर घेतो. तुमच्या रजिस्टरमध्ये तो येणारच नाही. बंद पडलेलं युनिट अचानक भाड्याने जातं, रात्री चालतं, वीजबिल वाढतं. हे कोण बघतं?

खाकीप्रेमी:
ते बघायला माणसं हवीत, मान्य. पण खोटं बिल देणारा विक्रेता? त्याला मोकळं सोडायचं?

आडवाटेचा:
अजिबात नाही. नियंत्रित रसायनांसाठी एनडीपीएसचं कलम २५अ आहेच, १० वर्षांपर्यंत शिक्षा. ते रसायन नियंत्रित यादीत मात्र असावं लागतं, आणि एक बंद केलं की हे लोक त्याच्या आधीच्या टप्प्यातल्या रसायनापासून सुरुवात करतात. म्हणून यादी भराभर वाढवा म्हणतोय. रिअ‍ॅक्टरवाले, तुमच्या वीजबिलाच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. ते एमआयडीसीने द्यावं की महावितरणने?

रिअ‍ॅक्टरवाला:
दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.