मदत हवी आहे: वीटभट्टीवरच्या मुलांची कातकरी बोली कशी टिकवायची?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते, सुट्टीच्या दिवशी भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर मुलांना शिकवायला जाते. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं पाडा सोडून भट्टीवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं आमच्याशी मराठी बोलतात, ट्रकवाल्यांशी हिंदी, कातकरी फक्त आजीशी. आणि आजी बहुतेकदा पाड्यावरच राहिलेली! यंदा एक आजी भट्टीवर आल्या होत्या. ओढ्यातले मासे, खेकडे, रानातले कंद त्यांनी एकेक करून नावानिशी सांगितले. शेजारी कच्च्या विटा उलटणाऱ्या नातवाला त्यातली मोजकीच नावं ठाऊक होती. फार वाईट वाटलं.

भट्ट्या बंद करा असं माझं म्हणणं नाही. मालकाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली असते, पोट त्यावरच आहे. पण वीटमाती हे वाळू-मुरुमासारखं गौण खनिज आहे, आणि उत्खननबाधित भागांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत शिक्षणाला प्राधान्य आहे. या निधीतून भट्टीवर कातकरी बोलणारी ताई मानधनावर नेमता येईल का? कुणी असा अर्ज केलाय का, ग्रामसभेचा ठराव लागतो का?

दुसरं, आजींच्या गोष्टी मोबाईलवर रेकॉर्ड करायच्यात, अर्थात त्यांना विचारूनच. भट्टीवर धूळ आणि ट्रॅक्टरचा आवाज असतो, त्यात चालेल असा स्वस्त माईक सुचवा. कातकरी देवनागरीत लिहिणारं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा, भट्ट्या सुरू आहेत तोवरच कामाला लागायचंय.