बटी म्हणजे सँडविच की मित्र? ब्रिटिश बोलीचे तुमचे किस्से सांगा

मीच सुरुवात करते. लीड्सला नवीन होतो तेव्हा शेजारच्या आजीआजोबांना म्हटलं, शनिवारी साडेपाचला टीला या. आलं घालून चहा, चिवडा, शंकरपाळे असं सगळं मांडलं. सात वाजले तरी दोघं जागचे हलेनात, आणि चिवडा संपत आलेला. मग नवऱ्याची ट्यूब पेटली, अगं इकडे उत्तरेत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि दुपारचं ते डिनर! धावत जाऊन खिचडी टाकली, पापड तळले. आजोबांनी दोनदा घेतली. तुमचेही असे असतील तर लिहा, खाण्याचे, दोस्तीचे, कसलेही.

—

नॉटिंगहॅम. बस ड्रायव्हर 'थँक्यू डक' म्हणाला, मला वाटलं शून्यावर आउट केलं की काय 😄 इथे बाई असो बाप्या असो, सगळे डक. नंतर गोदामात रात्रपाळीला सोबतच्याने विचारलं, स्नॅप आणलंस का, तर मी मोबाईल काढून फोटो दाखवायला लागलो. स्नॅप म्हणजे डबा! कोळशाच्या खाणीतला शब्द आहे, खाणी बंद पडल्या पण डबा स्नॅपच राहिला. माझी चपाती-भेंडीसुद्धा आता स्नॅप.

—

पावाला काय म्हणायचं यावर तर इकडे भांडणं होतात हो. वरच्या दादांच्या नॉटिंगहॅमला कॉब, आमच्या मँचेस्टरला बार्म, न्यूकॅसलचा मोठा चपटा तो स्टॉटी. ब्रॅडफर्डकडे तर साध्या पावाला टीकेक म्हणतात, मी गोड समजून मागवला आणि आत बेकन!! आमच्याकडे अंड्यापर्यंतच मजल. चिप बटी मात्र आवडते, बटर लावलेल्या पावात बटाट्याचे चिप्स (वेफर्स नव्हे, फ्राइज), म्हणजे वडापाववाला लसणाची चटणी विसरला तर कसा लागेल तसं.

—

बटीवरून आठवलं. साउथ वेल्समध्ये बटी म्हणजे दोस्त, नुसतं बटपण म्हणतात, हाही खाणीतलाच, सोबत काम करणारा तो बटी. मी मँचेस्टरहून स्वान्सीला आलो, पहिल्याच दिवशी प्लंबर दारात, 'ऑलराइट बटी?' मी म्हटलं नको, आत्ताच जेवलो.

—

लंडन. लग्न ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. शुक्रवारी ऑफिसात एकाने विचारलं, 'फॅन्सी अ रूबी?' मला वाटलं स्थळ सुचवतोय, म्हणून लाजत विचारलं, कोण आहे, काय करते? अख्खा मजला हसला. रूबी मरे ही बेलफास्टची गायिका, १९५५च्या सुमारास फार गाजलेली, आणि मरेचं (उच्चार मरी) यमक करी, म्हणून रूबी म्हणजे करी. तसंच चायना प्लेट म्हणजे मेट, दोस्त, त्यातली प्लेट गाळून नुसतं चायना. जेवायला गेलो, बिल मलाच भरायला लावलं.

—

ग्लासगो. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई मला 'हेन' म्हणायची. कोंबडी काय म्हणते, म्हणून मी दोन आठवडे लांबच्या दुकानातून दूध आणलं, मग कळलं की इथे बायकांना प्रेमाने हाक मारायची पद्धतच आहे. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती, तिलाही म्हणाली. आईने विचारलं, 'काय म्हणाली गं ती?' म्हटलं, ताई म्हणाली.