मदत हवी आहे: टूरला निघालं की गाडी बंद पडते, घराजवळ मात्र शहाण्यासारखी चालते

मंडळी, डोकं पिकलंय. गेल्या तीन टूरमध्ये गाडीने मला सहा वेळा रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि सहाही वेळा पंधरा-वीस मिनिटांनी, जणू काही झालंच नाही अशा थाटात, पुन्हा सुरू झाली.

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, मी तिची चौथी मालकीण. एक सिलिंडर, एअर कूल्ड, कार्बोरेटरवाली. टाकी १३ लिटरची, हायवेला लिटरमागे ३० किलोमीटरच्या आसपास देते. रोजच्या कामाला हीच वापरते, तेव्हा एकदाही तक्रार नाही. सामान बांधून ७०-८० च्या वेगाने सलग चालवली की तासाभरात नाटक सुरू. आधी पिकअप पडतो, मग दोन-चार झटके, मग गप्प. अगदी रिझर्व्हला आल्यासारखं. सवयीने हात पेट्रोलच्या कॉककडे जातो, रिझर्व्हवर टाकते, फरक शून्य. टाकीत पेट्रोल डुचमळताना ऐकू येत असतं. चोक ओढला तर अर्धा किलोमीटर रडतखडत जाते, एवढंच.

आता गंमत बघा. पहिल्या वेळी हत्यारं काढून प्लग साफ केला, सुरू झाली. म्हटलं, प्लग. दुसऱ्या वेळी प्लगची टोपी आणि वायर हलवून पाहिली, सुरू झाली. म्हटलं, वायर. तिसऱ्या वेळी पाऊस होता, वीस मिनिटांतच बसली. सगळं पुसून कोरडं केलं, सुरू झाली. म्हटलं, पाणी जातंय. चौथ्या वेळी फ्यूज काढून परत बसवला, त्यानेही सुरू झाली! पाचव्या वेळी वैताग येऊन काहीच केलं नाही. झाडाखाली बॅग डोक्याशी घेऊन आडवी झाले, उठून किक मारली, सुरू. सहाव्या वेळीही तेच.

आतापर्यंत बदललेलं सामान: प्लग, टोपी, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), पेट्रोलचा फिल्टर. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. मेकॅनिकने स्वतः दोन तास फिरवून आणली, हूं की चूं नाही. आता तो माझ्याकडे अशा नजरेने बघतो की गाडीत नाही, माझ्यातच काहीतरी मिस मारतंय.

मला स्वतःला पेट्रोलवर संशय आहे. दोन वेळा टाकी फुल केल्यावर १५-२० किलोमीटरच्या आतच बसली. भेसळ असेल का? पण मग तेच पेट्रोल पंधरा मिनिटांनी कसं चालतं?

शिवाय या थांब्यांनी जे हाल केले ते वेगळेच. एकदा साइड स्टँड ओल्या मातीत रुतला आणि सामानासकट गाडी सावकाश, डोळ्यांदेखत आडवी झाली. क्लचचा लिव्हर वाकला, मी एकटी, सामान सोडवल्याशिवाय उचलेना. दुसऱ्या वेळी घाईत रेनकोटची पँट टेल बॅगेवर नुसती खोचली, ती घसरून सायलेन्सरवर. वासाने कळलं. अर्धी पँट अजून तिथेच आहे.

बारा दिवसांनी पुढची टूर आहे. कुठून शोधायला सुरुवात करू?

प्रतिसाद १
दादा, कॉइल. डोळे झाकून बदला. गरम झाली की आतली तार तुटल्यासारखी होते, गार झाली की जुळते. शंभर टक्के कॉइल.

धागाकर्ती
दादा नाही, ताई. आणि कॉइल बदललीये, वर लिहिलंय.

प्रतिसाद १
सॉरी ताई. नवीन कॉइलपण खराब निघते कधीकधी.

प्रतिसाद २
चार्जिंग बघितलं का? हायवेला जादा दिवे, मोबाईल चार्जर वगैरे लावून चालवत असाल तर रेग्युलेटर गरम होऊन मान टाकतो.

धागाकर्ती
बघितलं. बंद गाडीला बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू करून रेस दिली की १४.१. जादा दिवे नाहीत. बंद पडते तेव्हा हॉर्न आणि इंडिकेटर ठणठणीत असतात.

प्रतिसाद ३
अंदाजाने सामान बदलणं थांबवा, आधी एवढंच ठरवा: ठिणगी बंद होतेय की पेट्रोल? तुम्ही चार वेळा दुरुस्ती केलीत, तपासणी एकदाही केली नाहीत.

बंद पडल्या पडल्या, किका न मारता, प्लग काढून बघा. टोक पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. कोरडं असेल तर पेट्रोलच पोचत नाही. (इंजिन तापलेलं असतं, हातमोजे घाला. मी एकदा नव्हते घातले.) त्याहून सोपं म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू. कॉक चालू ठेवून तो सैल करा आणि खाली डबी धरा. धार सतत आली तर पुरवठा ठीक. चमचाभर येऊन थेंब थेंब झाली तर वरून काहीतरी अडतंय. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडू देऊ नका.

तुमच्या वर्णनावरून माझं मत पेट्रोलकडे झुकतं. ठिणगी जाते तेव्हा गाडी बहुतेक खटकन मरते. तुमची आधी दम तोडते, आणि चोकने थोडी तरते. चोक म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. चोकने बरं वाटतंय म्हणजे ती उपाशी आहे.

प्रतिसाद ४
वरच्यांशी सहमत. माझे दोन प्रश्न. पेट्रोल भरायला टाकीचं झाकण उघडता तेव्हा आवाज येतो का? आणि टूरला जाताना टाकीवर काही बांधता का?

धागाकर्ती
आवाज येतो कधीकधी, फुस्स असा. वाफ असेल म्हणून सोडून दिलं. टाकीवर टँक बॅग असते, पट्ट्यांची. रंगाला ओरखडे नकोत म्हणून तिच्याखाली रबरी मॅट टाकते. पावसात वरून कव्हर. का?

प्रतिसाद ४
हत्यारं कुठे ठेवता?

धागाकर्ती
टँक बॅगेतच. पटकन हाताशी येतात.

प्रतिसाद ४
म्हणजे गाडी बंद पडली की पहिलं काम काय करता?

धागाकर्ती
बॅग काढून खाली ठेव

अरे देवा.

प्रतिसाद ३
😂 आणि पाचव्या वेळी उशाला घेतली होतीत.

प्रतिसाद ४
हसू नका हो, मी स्वतः एक अख्खा सीझन यात घालवलाय.

ताई, कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल नुसतं वजनाने खाली उतरतं, बहुतेक गाड्यांत पंप नसतो. जेवढं उतरेल तेवढी हवा वरून आत यायला हवी, नाहीतर टाकीत पोकळी तयार होते आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवते. पाण्याच्या नळीचं वरचं तोंड बोटाने दाबून धरलं की खालून पाणी पडत नाही, तसं. पुष्कळ जुन्या गाड्यांत ही हवेची वाट झाकणातच असते, कुलपाच्या आसपास एक बारीक भोक. तुमची मॅट नेमकी त्यावर, तिच्यावर बॅगेचं वजन, पावसात कव्हर ताणलं की आणखी घट्ट. पावसात लवकर बसली ती यामुळे, पाण्याने नाही.

मग कामाला जाताना? तेव्हा बॅगच नसते. आणि मेकॅनिककडे गाडी न्याल तेव्हा टँक बॅग बांधून कोण नेतं!

बॅग लावल्यावरही तासभर का चालते, तर वाट पूर्ण बंद नाही, चिंचोळी झालीये. तुमच्याच आकड्यांनी हिशोब करा. ८० च्या वेगाने, लिटरला ३० धरले तर तासाला पावणेतीन लिटर, म्हणजे मिनिटाला साधारण ४५ मिली. तेवढीच हवा दर मिनिटाला आत यायला हवी. गावात तासाला ३० किलोमीटर पडत असतील तर याच्या तिसऱ्या हिश्श्याने भागतं. मॅटच्या खालून १५ मिली हवा शिरत असेल, ४५ शिरत नाही. तूट साचत जाते, वाटीतलं पेट्रोल संपतं, झटके, गप्प.

आणि भेसळीचा तुमचा संशय. टाकी अर्धी असेल तर वर सहा-साडेसहा लिटर हवा असते, थोडं पेट्रोल उतरलं तरी ती पसरून घेते. फुल टाकीत जेमतेम अर्धा लिटर हवा उरते, तिला पसरायला वावच नाही, पोकळी भराभर वाढते. पेट्रोलवाल्याची काही चूक नाही.

प्लग वगैरेच्या भानगडीत न पडता पुढच्या वेळी फक्त बॅग उचला, झाकण उघडा, कान द्या. मग लगेच किक.

धागाकर्ती
चारही प्रतिसाद दोनदा वाचले. रविवारी टाकी फुल करून, मॅट-बॅग-कव्हर सगळा थाट करून निघते. गाडी बंद पडावी अशी इच्छा धरून निघायची माझी पहिलीच वेळ.

प्रतिसाद ५
माझी टँक बॅग कित्येक वर्षं आहे, असलं कधी झालं नाही. उगाच बॅगेला बदनाम करू नका.

प्रतिसाद ४
झाकणाझाकणावर आहे. काही गाड्यांत हवा टाकीखालून निघणाऱ्या नळीतून येते, तिथे बॅगेने काही होत नाही. पण टाकी काढून परत बसवताना ती नळी चिमटली की हाच आजार होतो, आणि मग कोणाच्या लक्षातही येत नाही. इंजेक्शनच्या गाड्याही यातून सुटत नाहीत. पंप ओढून ओढून थकतो एवढंच.

धागाकर्ती (रविवार, रात्री)
२२ किलोमीटर! फुल टाकी, ऊन, ८० चा वेग. पिकअप पडला, झटके सुरू झाले आणि मी हेल्मेटमध्ये वेड्यासारखी हसत होते. बाजूला घेतली. आधी ड्रेन स्क्रू सैल केला: चमचाभर पेट्रोल, मग थेंब. तो तसाच ठेवून दुसऱ्या हाताने बॅग आणि मॅट उचलली. थेंबांची हळूहळू बारीक धार झाली. झाकण उघडलं, लांब फुस्स, आणि खाली भसाभस. स्क्रू आवळला, वाटी भरू दिली, किक, सुरू. तीन मिनिटंही लागली नाहीत.

पण नुसती मॅट उचलल्यावर धार बारीकच होती, हे खटकलं. घरी येऊन झाकण काढलं तर कुलपाजवळच्या भोकात जुनं पॉलिश आणि धूळ मिळून चांगलं लिंपण झालेलं. म्हणजे मी गाडी चकचकीत ठेवायची ती अशी अंगाशी आली. आतल्या बाजूने हवा मारून साफ केलं. मॅटला झाकणाएवढं गोल भोक कापलं आणि बॅगेच्या तळाला फोमच्या दोन पट्ट्या लावल्या, मधून हवा खेळती राहील अशा. मग बॅग लावूनच ९० किलोमीटर न थांबता. एक झटका नाही.

झाकणाला ड्रिलने आणखी एक भोक पाडून टाकू का, म्हणजे कटकटच नको?

प्रतिसाद ३
अजिबात नको. झाकण सैल ठेवून चालवायची कल्पना सुचली असेल तर तीही नको. खड्ड्यात पेट्रोल उसळून बाहेर येतं, खाली तापलेलं इंजिन आहे. गाडी आडवी झाली की पेट्रोल भळाभळा वाहू नये याचीही काही झाकणांत सोय असते, ड्रिलने तिची वाट लागेल. आणि तुमची गाडी आडवी होते, तुम्हीच लिहिलंय. स्टँडखाली टाकायला एक जाड प्लास्टिकची चकती जवळ ठेवा. उतारावर तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्ये लावा. हत्यारं मात्र साइड पॅनेलमध्ये हलवा.

प्रतिसाद १
ताई, अभिनंदन. तरी कॉइल एकदा बघून घ्या.

धागाकर्ती
जुनी कॉइल चांगलीच होती हे आता कळतंय. स्पेअर म्हणून बरोबर नेतेय, तुमच्या नावाने.

आता राहिली पँट. सायलेन्सरवर तळहाताएवढा काळा चिकट थर आहे, गाडी तापली की धूर निघतो. तारेच्या घासणीने घासू?

प्रतिसाद ५
तारेने नको, क्रोमवर ओरखडे उठतात आणि मग तिथूनच गंज धरतो. गाडी दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा. थर मऊ झाला पाहिजे, पण हात भाजेल इतकं तापवू नका. मग लाकडी चपट्या पट्टीने एका दिशेने खरवडा. गार झाला की पुन्हा थोडं तापवा. एका बैठकीत निघणार नाही. शेवटचा पातळ डाग अगदी बारीक स्टील वूल तेलात बुडवून, हलक्या हाताने. आधी खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला करून बघा. सायलेन्सरला काळा रंग असेल तर स्टील वूलही नको, लाकडावरच थांबा.

धागाकर्ती
क्रोमच आहे. लाकडी पट्टीने निम्मा थर निघाला. पँटच्या ब्रँडचं नाव अजून वाचता येतंय, उद्या परत बसते.